चिरूटवाला रत्नपारखी

आपल्या हॉस्टेलमध्ये बास्केटबॉलच्या पोस्टर्सना तोटा नाही. कुणाच्या खोलीत मायकेल जॉर्डन हवेत तरंगतोय, तर कुणाच्या कपाटाच्या दारावर कोबी ब्रायंट. पण मी ज्या माणसाबद्दल लिहायला बसलोय त्याचं पोस्टर मला आजवर एकाही खोलीत दिसलं नाही. दिसणार तरी कसं म्हणा! बेताची उंची, टक्कल, हातात गुंडाळी केलेला मॅचचा कागद आणि तोंडात जाडजूड चिरूट. असल्या म्हाताऱ्याला भिंतीवर कोण लावणार?

पण मित्रांनो, अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये बोस्टन सेल्टिक्स या संघाने १९५७ ते १९८६ या काळात १६ विजेतेपदं मिळवली, ती या एका माणसाच्या अमदानीत. पहिली ९ कोच म्हणून आणि पुढची ७ संघाचा कारभारी म्हणून. त्याचं नाव आर्नोल्ड ऑरबॅक. लहानपणी केस लाल होते म्हणून सगळे त्याला रेड म्हणायचे. पुढे केस गेले, नाव राहिलं!

रेडबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे. त्याचं भांडखोरपण, त्याचा चिरूट (मॅच खिशात आली असं वाटलं की संपायच्या आधीच तो बेंचवर बसून चिरूट पेटवायचा, आणि समोरचा संघ जळून खाक व्हायचा), सगळंच. पण मला त्याच्या एकाच गुणाबद्दल सांगायचंय. विशी-बाविशीच्या पोराकडे बघून हा पुढे काय होईल, हे त्याला इतरांच्या आधी दिसायचं. ते कसं दिसायचं, आणि कधी कधी कसं दिसलं नाही, त्याची ही गोष्ट.

ब्रुकलिनचा लाल केसांचा पोरगा

रेडचा जन्म २० सप्टेंबर १९१७ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. वडील रशियन साम्राज्यातल्या मिन्स्कहून आलेले ज्यू. त्यांचा कपडे धुऊन-इस्त्री करून द्यायचा धंदा होता. घरची परिस्थिती साधारण. गल्लीत क्रिकेट नव्हतं, बेसबॉलला मैदान नव्हतं, पण बास्केटबॉलला एक रिंग आणि एक बॉल पुरतो, म्हणून पोरं तेच खेळायची. रेड काही फार उंच नव्हता. पण चिकट होता आणि डोकं चालवायचा.

त्या खेळावर त्याला वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. तिथे त्याला बिल राइनहार्ट नावाचे कोच भेटले. राइनहार्ट सरांनी त्याला फास्ट ब्रेक शिकवला. म्हणजे बॉल आपल्या हातात आला रे आला की समोरच्यांना जागेवर जाऊन उभं राहायला वेळच द्यायचा नाही, सुसाट पळत सुटायचं. हे सर लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहेत.

१९४० मध्ये पदवी, मग पुढचं शिक्षण, मग शाळेत मास्तरकी. रेड चक्क हायस्कुलात इतिहास शिकवायचा आणि पोरांना बास्केटबॉल खेळवायचा. पुढे महायुद्धात नेव्हीत गेला. मला वाटतं त्याची नजर तयार झाली ती या काळात. शाळेत तुम्हाला पोरं निवडून मिळत नाहीत, जी आहेत ती मिळतात. त्यातला कोण कशाला उपयोगी पडेल, हे बघत बसण्यावाचून इलाज नसतो.

१९४६ मध्ये नवी व्यावसायिक लीग निघाली (हीच पुढे एनबीए झाली). २९ वर्षांच्या रेडने वॉशिंग्टन कॅपिटल्स या संघाच्या मालकाला पटवून कोचची नोकरी मिळवली. जवळ नावाजलेले खेळाडू नव्हते. नेव्हीत असताना ज्यांना खेळताना बघितलं होतं, अशांना त्याने गोळा केलं. पहिल्याच वर्षी ६० पैकी ४९ सामने जिंकले! प्लेऑफमध्ये मात्र हरले. पुढे तिथे बिनसलं, आणि १९४९ मध्ये तो ट्राय-सिटीज ब्लॅकहॉक्सकडे गेला. तिथे बेन कर्नर नावाच्या मालकाने त्याला न विचारता एक खेळाडू परस्पर दुसऱ्या संघाला देऊन टाकला. रेडने हंगाम संपवला आणि राजीनामा दिला. संघात कोण राहणार हे ठरवायचा अधिकार ज्याला नाही, त्याने जबाबदारी तरी कशाला घ्यायची, हा त्याचा हिशेब. हे कर्नरसाहेबही लक्षात ठेवा.

पहिल्याच घासाला खडा

१९५० मध्ये रेड बोस्टनला आला. सेल्टिक्सची अवस्था आपल्या मेसच्या शनिवारच्या भाजीसारखी होती. आदल्या हंगामात २२ विजय, ४६ पराभव. मालक वॉल्टर ब्राऊन भला माणूस, पण पैसा आटत चाललेला.

इथे ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्या आयपीएलसारखा तो लिलाव नसतो. कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं संघांनी क्रमाक्रमाने निवडायची असतात. जो संघ तळाला, त्याचा नंबर साधारणपणे आधी. म्हणजे पैशाने नाही, तर नजरेने निवडायचं. चूक झाली की ती वर्षानुवर्षं भोगायची.

त्या वर्षी बोस्टनजवळच्या वूस्टर गावातल्या होली क्रॉस कॉलेजचा बॉब कूझी नावाचा पोरगा सगळ्या शहराचा लाडका होता. पाठीमागून ड्रिबल, न बघता पास, असली जादूगिरी करायचा. सेल्टिक्स त्याला घेणार अशी सगळ्यांची खात्री होती. रेडने घेतला नाही! त्याच्या मते संघाला उंच सेंटरची गरज होती आणि कूझी नुसता शोभेचा. दुसऱ्या फेरीत मात्र सेल्टिक्सने चक कूपरला घेतलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तो धाडसी निर्णय वॉल्टर ब्राऊनचा.

आता गंमत बघा. कूझीला ट्राय-सिटीजने घेतलं, त्यांनी शिकागोला दिलं, आणि शिकागोचा संघच बुडाला. उरलेल्या तीन खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या हॅटमध्ये टाकून तीन संघांनी उचलल्या. बोस्टनच्या वाट्याला जी चिठ्ठी आली तिच्यावर नाव होतं, बॉब कूझी! नको असलेला पोरगा दारात येऊन उभा राहिला. हाच कूझी पुढे सलग आठ हंगाम लीगमध्ये सर्वात जास्त असिस्ट देणारा ठरला आणि १९५७ चा सर्वोत्तम खेळाडूही.

म्हणजे ज्याला आपण रत्नपारखी म्हणतोय त्याने बोस्टनमधली पहिलीच मोठी परीक्षा केटीला लावली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. रेडने आपलं मत खरं करायसाठी कूझीला बेंचवर कुजवला नाही. त्याला खेळवला, त्याचे पास साथीदारांच्या तोंडावर आदळणार नाहीत इतकं शिस्तीत आणलं आणि सगळा फास्ट ब्रेक त्याच्या हाती सोपवला. पोराबद्दलचं मत एकदा बनवलं की ते दगडावर कोरायचं नसतं, हे तो इथे शिकला असावा.

ज्याला नेम नव्हता तो

पुढची सहा वर्षं सेल्टिक्स भरपूर पॉइंट करायचे आणि शेवटी हरायचे. कूझी होता, अचूक नेमाचा बिल शार्मन होता, सेंटरला एड मॅकॉले होता. पण मॅकॉले अंगाने किरकोळ. समोरच्याचा नेम चुकला तरी रिबाऊंड पुन्हा समोरच्याच्याच हातात. बॉलच हातात नाही तर पळणार काय घेऊन!

आणि इथे राइनहार्ट सर परत येतात. सॅन फ्रान्सिस्को युनिव्हर्सिटीचा बिल रसेल नावाचा पोरगा कॉलेजात असतानाच त्यांच्या नजरेला पडला होता. त्यांनी रेडला कळवून ठेवलं की या पोराला काही करून मिळव.

रसेलची कुंडली बघितली तर कुणीही फुली मारली असती. शाळेत असताना संघात जागा मिळायची मारामार. कॉलेजची स्कॉलरशिप देऊ केली ती एकट्या सॅन फ्रान्सिस्कोने. पुढे त्याच्या जोरावर कॉलेजने १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, तरी व्यावसायिक संघांच्या मनात शंका होतीच. कारण त्याला नेम नव्हता. बास्केटपासून चार पावलं लांब गेला की संपलं.

रेडने प्रश्नच वेगळा विचारला. हा पोरगा किती पॉइंट करेल, हा त्याचा प्रश्न नव्हता. पॉइंट करणारे त्याच्याकडे तीन होते. त्याच्या पाच जणांत जे नाही ते या पोराकडे आहे का, हा प्रश्न होता. आणि रसेलकडे तेवढंच होतं, पण ते अफाट होतं. रिबाऊंड. लांब हात, उंच उडी, आणि बॉल कुठे पडणार याचा आधीच केलेला हिशेब. इतर उंच खेळाडू समोरच्याचा शॉट अडवताना बॉलला फटका मारून प्रेक्षकांत भिरकावून द्यायचे. टाळ्या मिळायच्या, पण बॉल परत समोरच्यालाच. रसेल बॉल नुसता टोलवायचा, आतल्या आत, आपल्या माणसाच्या हातात पडेल असा. तिथून कूझी पळत सुटला की फास्ट ब्रेक सुरू!

१९५६ च्या ड्राफ्टमध्ये बोस्टनचा नंबर बराच मागे होता. दुसरा क्रमांक होता सेंट लुईस हॉक्सकडे, म्हणजे आपल्या जुन्या कर्नरसाहेबांकडे. त्यांनी किंमत सांगितली: मॅकॉले, आणि शिवाय क्लिफ हेगन हा तरणाबांड खेळाडू. मॅकॉले बोस्टनचा लाडका, आणि ब्राऊन त्याला सोडायला तयार होईना. पण मॅकॉलेचं गावच सेंट लुईस. त्याचा लहान मुलगा आजारी होता आणि त्याला घराजवळ राहायचं होतं. त्याने स्वतःच ब्राऊनला सांगितलं की मी आनंदाने जाईन. पहिल्या क्रमांकावर रॉचेस्टरने सिह्यूगो ग्रीन नावाच्या दुसऱ्याच खेळाडूला घेतलं, आणि रसेल रेडला मिळाला. त्याच ड्राफ्टमधून टॉम हाइनसन आणि के. सी. जोन्स हेही आले. एका ड्राफ्टमधले तीन खेळाडू पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले!

मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन रसेल १९५६ च्या डिसेंबरात बोस्टनला आला. रेडने त्याला आधीच सांगून टाकलं की पॉइंटची काळजी तू करू नकोस, आणि तुझ्या पगाराची बोलणी करताना मी पॉइंट मोजणार नाही. विचार करा, लोक ज्याच्या एका उणिवेकडे बोट दाखवतात त्याला साहेब पहिल्याच दिवशी सांगतात की ती उणीव माझ्या हिशेबातच नाही. पोरगा किती मोकळा झाला असेल!

त्याच हंगामात, १९५७ च्या एप्रिलमध्ये, सेल्टिक्सने पहिलं विजेतेपद जिंकलं. समोर सेंट लुईसच. सातवा सामना दोनदा जादा वेळेत जाऊन १२५–१२३ असा सुटला. (याच मालिकेत रिंगच्या उंचीवरून झालेल्या भांडणात रेडने कर्नरच्या तोंडावर ठोसा लगावला आणि ३०० डॉलर दंड भरला. संत वगैरे नव्हता तो!) पुढच्या वर्षी रसेलचा पाय दुखावला आणि मॅकॉले-हेगनच्या सेंट लुईसने विजेतेपद नेलं, म्हणजे कर्नरचा सौदाही अगदी वाया गेला नाही. पण त्यानंतर १९५९ ते १९६६ सलग आठ वर्षं विजेता एकच. बोस्टन.

दुसऱ्याच्या डोळ्यांनी

रेडला सगळं स्वतः दिसायचं असा समज होऊ देऊ नका. त्याच्याकडे एक असिस्टंट कोचसुद्धा नव्हता, मग देशभर पोरं बघत हिंडणार कोण? पण ज्यांच्या नजरेवर विश्वास आहे अशी चार माणसं त्याने जोडून ठेवली होती. १९५७ मध्ये त्याने पहिल्या फेरीत सॅम जोन्सला घेतलं, तेव्हा सॅमला खेळताना त्याने एकदाही पाहिलं नव्हतं! उत्तर कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीयांच्या एका छोट्या कॉलेजातला हा पोरगा. तिकडे मोठ्या संघांचं कुणी फिरकायचंही नाही. वॉशिंग्टनच्या संघात रेडच्या हाताखाली खेळलेला बोन्स मॅकिनी त्या भागात होता, त्याने नाव सुचवलं. सॅम शाळामास्तर व्हायच्या विचारात होता. तो आला, आणि बोर्डवर आपटून बॉल जाळीत घालण्याच्या आपल्या शॉटवर १० विजेतेपदं घेऊन गेला. त्याच्यापेक्षा जास्त फक्त रसेलची, ११.

१९६२ मध्ये जॉन हॅवलिचेक आला. ओहायो स्टेटच्या कॉलेज संघात मोठं नाव जेरी लुकसचं, हा त्याच्या शेजारी बचाव सांभाळणारा. फुटबॉलच्या क्लीव्हलंड ब्राऊन्सनेही त्याला बोलावून शेवटी सोडून दिलं होतं. पण तो न थकता पळायचा. रेडने त्याला सुरुवातीच्या पाचात घेतलं नाही, सहावा खेळाडू केलं. ही युक्ती त्याने आधी फ्रँक रॅम्झीवर वापरली होती. समोरचे पाच दमले की आपला ताजा आणि तितकाच चांगला माणूस आत सोडायचा. बेंचवर बसणं हा अपमान नसून ते एक काम आहे, हे रेडने त्या जागेवर चांगला माणूस बसवून पटवलं. हॅवलिचेकने १६ हंगामांत २६,३९५ पॉइंट आणि ८ विजेतेपदं मिळवली.

आणि हे सगळं ज्या काळात चाललं होतं तो काळही बघा. एका संघात किती कृष्णवर्णीय असावेत याचे न लिहिलेले नियम लीगमध्ये होते. २६ डिसेंबर १९६४ ला रेडने सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले: रसेल, सॅम जोन्स, के. सी. जोन्स, सॅच सँडर्स आणि विली नॉल्स. एनबीएत हे पहिल्यांदाच घडत होतं. त्याने गाजावाजा काहीच केला नाही. १९६६ मध्ये कोचिंग सोडताना त्याने आपल्या जागी रसेललाच बसवलं, खेळाडू आणि कोच दोन्ही म्हणून. एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच! त्याच्या हाताखाली १९६८ आणि १९६९ ची विजेतेपदं आली.

थांबायची तयारी

आता जरा आपल्याकडे येतो. आपल्या कॉलेजात एफईच्या पोरांच्या ट्रायल्स कशा होतात हे खेळणाऱ्यांना माहीत आहे. सबमिशनच्या धामधुमीत एक संध्याकाळ, साठ-सत्तर पोरं, प्रत्येकी पाच फ्री थ्रो, दोन ले-अप, आणि वहीत आकडा. मी टीईत आल्यापासून ती वही माझ्याकडे असते. यंदा एक बुटकेला पोरगा आला होता. पाचातले दोन फ्री थ्रो गेले, म्हणजे यादीत तो खालच्या अर्ध्यात. नंतर वेळ उरला म्हणून आम्ही तीन-तीन जणांच्या मॅच लावल्या. तो सतत बोलत होता, कोणी कुठे उभं राहायचं ते हात करून दाखवत होता, आणि आम्ही त्याला ज्या बाजूला टाकू ती बाजू जिंकत होती. तीन वेळा बाजू बदलली, तीनही वेळा. वहीत हे लिहायला कॉलमच नव्हता! मी वहीच्या समासात लिहिलं आणि सरांना दाखवलं. त्याला संघाबरोबर सरावाला घेतलंय. पुढे काय होईल ते आत्ता कोण सांगणार? एका संध्याकाळीत पोरगा कळत नाही, थांबावं लागतं.

थांबण्याची सगळ्यात मोठी गोष्ट रेडचीच आहे. १९७८ मध्ये सेल्टिक्स पुन्हा घसरले होते. त्या वेळी इंडियाना स्टेटकडून लॅरी बर्ड नावाचा एक पोरगा खेळत होता. फ्रेंच लिक नावाच्या खेड्यातला. आधी एका मोठ्या युनिव्हर्सिटीत गेला होता, पण तिथली गर्दी मानवेना म्हणून महिन्याभरातच घरी परत. मग गावच्या नगरपालिकेत रस्त्याची, कचऱ्याच्या गाडीवरची कामं केली, आणि वर्षाने दुसऱ्या कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. (इयर डाऊन झालेल्या मित्रांनी नोंद घ्यावी.) त्या गेलेल्या वर्षामुळे नियमाने तो १९७८ च्या ड्राफ्टला पात्र होता, पण त्याला कॉलेजचं शेवटचं वर्ष खेळायचं होतं. म्हणजे त्याला निवडायचा तर वर्षभर हात चोळत बसायचं, आणि एवढं करून तो आपल्याकडे सही करेलच याची खात्री नाही.

पहिल्या पाच संघांनी त्याला सोडलं. तिसरा नंबर तर खुद्द इंडियानाच्या संघाचा होता, घरचाच पोरगा, तरी त्यांनीही सोडला. त्यांना माणूस लगेच हवा होता. सहावा नंबर रेडचा. त्याच्याकडे आठवाही नंबर होता, म्हणजे एक निवड लांबवर लावून ठेवायला वाव होता. त्याने बर्डला घेतलं आणि वाट बघितली. १९७९ च्या जूनमध्ये बर्डने सही केली. आदल्या हंगामात २९ सामने जिंकलेला संघ बर्डच्या पहिल्याच हंगामात ६१ जिंकला! असं पुन्हा कुणाला करता येऊ नये म्हणून लीगने नंतर नियमच बदलला.

१९८० मध्ये तर पहिलाच नंबर बोस्टनकडे होता. सगळ्यांच्या तोंडी जो बॅरी कॅरल या उंच सेंटरचं नाव. रेडने तो पहिला नंबर आणि आणखी एक निवड गोल्डन स्टेटला देऊन टाकली. बदल्यात घेतला तिसरा नंबर आणि रॉबर्ट पॅरिश, जो चार वर्षं तिकडे खेळून सुस्त म्हणून बदनाम झाला होता. तिसऱ्या नंबरवर केव्हिन मॅकहेल. बर्ड, पॅरिश आणि मॅकहेल या तिघांनी १९८१, १९८४ आणि १९८६ ची विजेतेपदं मिळवली. पॅरिश तोच होता. फक्त शेजारी कोण उभं आहे ते बदललं.

जे कुणालाच दिसत नाही

इथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण १९८६ ची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे चरित्र पूर्ण होत नाही.

त्या जूनमध्ये बोस्टन विजेता होता आणि तरीही, दोन वर्षं आधी केलेल्या एका अदलाबदलीमुळे, ड्राफ्टमधला दुसरा नंबर रेडच्या खिशात होता. त्याने मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या लेन बायसला घेतलं. २२ वर्षांचा, ताकद, उडी, नेम, सगळं असलेला. बर्डनंतर संघ कोण पुढे नेणार याचं उत्तर मिळालं होतं. १७ जूनला त्याची निवड झाली. बोस्टनला जाऊन सगळ्यांना भेटून तो आपल्या कॉलेजच्या हॉस्टेलवर परतला. मित्र जमले, रात्र झाली, कोकेन आलं. १९ जूनच्या सकाळी लेन बायस गेला. सेल्टिक्सकडून एकही सामना न खेळता.

हे मी मुद्दाम हॉस्टेलच्या मासिकात लिहितोय. त्या खोलीत रेड नव्हता, कोच नव्हता, कुणी पारखी नव्हता. मित्र होते. पोराची कुवत कितीही अचूक ओळखली तरी ती जपायचं काम शेवटी खोलीतल्या मित्रांच्या हातात असतं. नको म्हणणारा एक जण पुरला असता की नाही, कोण जाणे. पण आपल्या मजल्यावर असा एक जण असावा एवढं आपल्याला नक्की करता येतं.

रेडच्या कारकिर्दीत १९८६ नंतर विजेतेपद आलं नाही. पण तो नामोहरम होऊन बसला नाही. म्हातारपणी तो वॉशिंग्टनमध्ये दर मंगळवारी एका चायनीज हॉटेलात मित्रांना जेवायला जमवायचा आणि गप्पा छाटायचा. २८ ऑक्टोबर २००६ ला, वयाच्या ८९ व्या वर्षी तो गेला. एनबीएत दरवर्षी सर्वोत्तम कोचला मिळणाऱ्या ट्रॉफीला त्याचं नाव आहे (त्याला स्वतःला हा मान मिळाला तो फक्त एकदा, १९६५ मध्ये). बोस्टनच्या बाजारात त्याचा कांस्य पुतळा आहे. त्यात तो बाकावर बसलाय, हातात चिरूट, आणि शेजारी जागा मोकळी. येणारे-जाणारे त्या जागेवर बसतात.

मला त्याच्या आयुष्यातून एवढंच उमगलं. कुवत ही वजनकाट्यावर ठेवून मोजायची वस्तू नाही. अर्धी ती पोरात असते, आणि अर्धी आपण त्याला कुठे उभं करतो, कुणाच्या शेजारी आणि किती दिवस, यात असते. कॅम्पसला येणाऱ्या कंपनीकडे आपल्यासाठी वीस मिनिटं असतात, त्यांनी मार्कांवरून गाळणी लावली तर त्यांना तरी काय बोलणार? पण आपण एकमेकांकडे चार वर्षं बघत असतो. टेक फेस्टची टीम करताना, बीईच्या प्रोजेक्टचा ग्रुप ठरवताना, गॅदरिंगच्या नाटकाला माणसं घेताना आपल्यालाही त्या वहीबाहेरचं बघता येईल. ज्याला कोडिंग येत नाही पण ग्रुपमधली भांडणं ज्याच्यापाशी येऊन मिटतात, त्याला आपण कुठल्या कॉलममध्ये लिहितो?

आणि एफईच्या मित्रांनो, यंदा यादीत नाव नसेल तर रसेलला आठवा. नेम सुधारायला अख्खं वर्ष आहे. कोर्टवरचे दिवे रात्री साडेनऊपर्यंत चालू असतात. रिबाऊंड घ्यायला कुणी नसेल तर माझ्या खोलीचं दार वाजवा, मी येतो.